अंकुशनगरचा प्रेक्षक हसायला तयार आहे

प्रति,
श्री. महेश मांजरेकर
आणि मराठीत विनोदी चित्रपट करणारे सर्व लेखक, दिग्दर्शक, निर्माते

विषय : ‘दे धक्का २’ आणि न आलेलं हसू



५ ऑगस्ट २०२२ रोजी ‘दे धक्का २’ प्रदर्शित झाला. पहिला ‘दे धक्का’ २००८ चा. मधली चौदा वर्षं तो पहिला चित्रपट टीव्हीवर लागला की घरातली माणसं हातातलं काम टाकून बसायची. त्यामुळे दुसऱ्या भागाकडून अपेक्षा मोठ्या होत्या. मकरंद अनासपुरे तेच, शिवाजी साटम तेच, सिद्धार्थ जाधव, मेधा मांजरेकर, सक्षम कुलकर्णी तेच. दिग्दर्शनाला आपण स्वतः आणि सुदेश मांजरेकर. शिवाय सगळं कुटुंब थेट लंडनला निघालेलं. एवढं सगळं असूनही हसू आलं नाही. ते का आलं नाही, हे मनापासून सांगावं म्हणून हे पत्र.

पत्र अंकुशनगरहून आहे, त्यालाही कारण आहे. अंबड तालुक्यातलं हे गाव साखर कारखान्याभोवती वसलं आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात आलं, ऊस वाढला आणि कर्मवीर अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याचा भोंगा इथल्या दिवसाचं वेळापत्रक ठरवू लागला. गाळप सुरू झालं की काट्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, तोडणीचा मुकादम, कारखान्यातला फिटर, महामार्गालगतचा गॅरेजवाला, पाण्याच्या पाळीसाठी रात्र जागणारा शेतकरी हा इथला प्रेक्षक आहे. गाडी बंद पडली तर शोरूमला फोन न करता हाताला येईल त्या तारेनं, तुकड्यानं ती चालू करणारी ही माणसं आहेत. गाडीचं इंधन वाचवणारा पार्ट आपण शोधून काढलाय या वेडापायी घरदार पणाला लावणारा पहिल्या ‘दे धक्का’तला मकरंद जाधव कोल्हापूरकडचा असला, तरी अंकुशनगरला तो परका वाटला नाही. असा एखादा मकरंद प्रत्येक गॅरेजात असतो.

‘दे धक्का’ची मूळ कल्पना ‘लिट्ल मिस सनशाइन’ या २००६ च्या अमेरिकन चित्रपटाची. तिथे क्लच गेलेल्या फोक्सवॅगन व्हॅनला सगळं कुटुंब धक्का मारतं आणि चालत्या गाडीत उड्या मारून बसतं. कल्पना बाहेरून घेतली याचं इथे कुणालाही वावडं नाही. तिला मराठी घर मिळालं, हे महत्त्वाचं होतं. दारूसाठी हात शिवशिवणारा म्हातारा, बहिणीच्या घरी ठाण मांडून बसलेला मेहुणा, नवऱ्याच्या वेडानं टेकीला आलेली बायको, मुंबईच्या नृत्यस्पर्धेवर डोळे लावून बसलेली मुलगी, अशी सगळी माणसं एका खटारा गाडीत कोंबली गेली. ती एकमेकांशी भांडत होती आणि गाडी बंद पडली की एकत्र ढकलत होती. त्यांना मुंबई गाठायचीच होती, कारण बक्षिसाच्या पैशावर घर उभं राहणार होतं. प्रत्येक विनोदाच्या खाली ही निकड होती. म्हाताऱ्यानं बाटली लपवली की हसू यायचं आणि त्याच वेळी पोटात कालवाकालवही व्हायची, कारण एक चूक झाली तर पोरीची स्पर्धा हुकणार हे प्रेक्षकाला ठाऊक होतं.

दुसऱ्या भागात ही निकडच उरली नाही.

जाधवांच्या हातात आता पैसा आहे. लंडनला जायचं तिकीट काढता येतं. संकटं येतात, पळापळ होते, आरडाओरडा होतो, परदेशातले रस्ते दिसतात. पण हे कुटुंब लंडनला पोचलं नसतं तर त्याचं काय बिघडलं असतं, याचं उत्तर चित्रपट देत नाही. धक्का मारायला गाडी नाही आणि धक्का मारावा असं कारणही नाही. मग नटांना आवाज चढवावा लागतो, चेहरे वेडेवाकडे करावे लागतात आणि ‘आता हसा’ असं सांगायला पार्श्वसंगीत पुढे येतं. अनासपुरे, साटम, सिद्धार्थ जाधव यांची ताकद महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या हातात लिहिलेलं काही नव्हतं, हाच खरा दोष आहे.

लंडनचाही दोष नाही, आणि हे मराठवाड्याइतकं दुसऱ्या कुणाला पटणार नाही. गावाकडची माणसं लंडनला निघाली की काय होतं, यावर मराठीतला सगळ्यात गाजलेला विनोदी प्रयोग याच मातीत जन्मला. प्रा. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवत. १९७९ मध्ये त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं. एकच नट, बावन्न पात्रं. गावातल्या पोराचं लग्न लंडनच्या मुलीशी ठरतं आणि गावचं वऱ्हाड विमानानं निघतं, एवढीच गोष्ट. सोबतीला दुसरा नट नाही, नेपथ्याचा डामडौल नाही, लंडनची एक वीटही रंगमंचावर दिसत नाही. तरी तीन तास लोक हसत राहत. पुढे या प्रयोगाची नोंद गिनीज बुकात झाली. देशपांडे २००९ मध्ये गेले. नंतर संदीप पाठक यांनी हा प्रयोग हाती घेतला. ते माजलगावचे, म्हणजे अंकुशनगरहून गोदावरी ओलांडली की पलीकडच्या बीड जिल्ह्यातले.

हे ‘वऱ्हाड’ इतकी वर्षं कशामुळे टिकलं, हे आपल्यासारख्या जाणत्या दिग्दर्शकानं पुन्हा एकदा बारकाईनं पाहावं अशी विनंती आहे. त्यातलं प्रत्येक माणूस स्वतःची काळजी उराशी घेऊन निघालेलं असतं. कुणाला मानपानाची, कुणाला खर्चाची, कुणाला विमानाची, कुणाला मागे राहिलेल्या घराची. हसू लंडनवर येत नाही. लंडनला निघालेल्या माणसाच्या जीव मुठीत धरण्यावर येतं. देशपांडे यांना त्या बावन्न जणांपैकी प्रत्येकाचं खाकरणं, चालण्याची ढब, बोलताना अडखळण्याची जागा माहीत होती. मराठवाड्याची बोली त्यांनी विनोद म्हणून वापरली नाही. त्या माणसांना ती येत होती, म्हणून ती रंगमंचावर आली. त्यामुळे इथला शेतकरी तो प्रयोग पाहून हसला तेव्हा त्याला आपली टिंगल झाल्यासारखं वाटलं नाही.

अगदी अलीकडचं उदाहरणही लंडनच्याच वाटेवरचं आहे. हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ १९ नोव्हेंबर २०२१ रोजी आला. करोनानंतर चित्रपटगृहं उघडून जेमतेम महिना झाला होता. लोक पुन्हा थिएटरात येतील की नाही, हीच सगळ्यांना धास्ती होती. सात बायका इंग्लंडच्या सहलीला जातात, एवढंच त्याचं कथानक. तरी तो चालला, बायका गटागटानं पाहायला गेल्या. निर्मिती सावंत यांची निर्मला नवऱ्याला सोडून पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेली असते. तिचा प्रत्येक शब्द त्या पहिलेपणातून येतो, म्हणून तिच्यावर हसणारं थिएटर तिच्या बाजूनं उभं राहतं. तोच देश, तसेच रस्ते, आणि मधलं अंतर नऊ महिन्यांपेक्षाही कमी. ‘झिम्मा’तल्या बायकांच्या सामानाबरोबर त्यांची घरंही गेली होती. जाधव कुटुंबाचं सामान गेलं, घर मात्र गेलं नाही.

फसलेल्या विनोदाचा हा रोग मराठीपुरता नाही. २० जून २०१४ रोजी साजिद खान यांचा ‘हमशकल्स’ आला. सैफ अली खान, राम कपूर आणि लातूरचे रितेश देशमुख या तिघांच्या प्रत्येकी तीन भूमिका, मिळून नऊ. मोठं बजेट, मोठे चेहरे. त्यातल्या नायिकांपैकी एक असलेल्या बिपाशा बासू चित्रपटाच्या प्रसिद्धीपासून लांब राहिल्या. हा चित्रपट करणं ही चूक होती, हे सैफ यांनी नंतर उघडपणे मान्य केलं. नऊ भूमिकांना जे जमलं नाही ते बावन्न भूमिका करणाऱ्या एकट्या माणसाला उघड्या रंगमंचावर जमत होतं. तरीही नटाला दोष देऊ नये. ‘हमशकल्स’नंतर बरोबर तीन आठवड्यांनी, ११ जुलै २०१४ रोजी, निशिकांत कामत यांचा ‘लय भारी’ आला आणि त्याच रितेशला महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. तीन आठवड्यांत नट बदलत नाही. त्याला दिलेली गोष्ट बदलते.

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चा दुसरा भागही इथे आठवतो. पहिला १९९३ चा. तात्या विंचूच्या बाहुल्याला रामदास पाध्ये यांनी जिवंत केलं आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे होते. त्यांच्या घाबरण्यात भीती आणि हसू वेगळं काढता येत नसे. बेर्डे २००४ मध्ये गेले. २०१३ मध्ये दुसरा भाग आला तो थ्रीडी तंत्र घेऊन. बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर येत होता, पण त्याच्यासमोर घाबरणारा तो भाबडा माणूस नव्हता. तंत्रानं बाहुला जवळ आला, हसू मात्र लांबच राहिलं. पुढचा भाग काढताना आपण नेमकं काय गमावलं आहे, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. गमावलेल्या गोष्टीची भरपाई परदेशानं, तंत्रानं किंवा पाहुण्या कलाकारांनी होत नाही.

आता जमलेल्या विनोदाबद्दल. ‘अशी ही बनवाबनवी’ २३ सप्टेंबर १९८८ रोजी आला. तीन पिढ्यांनी तो पाहिला आणि अजूनही तो जुना होत नाही. त्याचं कथानक हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून घेतलं होतं. तो हिंदी चित्रपट आज फार थोड्यांना आठवतो. मराठीत तीच गोष्ट अमर झाली, यात सचिन पिळगावकर यांच्या दिग्दर्शनाइतकाच वसंत सबनीस यांच्या लेखणीचा वाटा आहे. पुण्यात भाड्याची खोली न मिळणारे चार पोरगे, ही त्यातली अडचण आहे आणि ती अगदी खरी आहे. मधुमेहाच्या परदेशी औषधाचं सोंग आणि त्यावरून सत्तर रुपयांचं काय झालं, हा प्रवेश आठवून पाहा. सुधीर जोशी यांचा घरमालक कंजूष आणि संशयी आहे, हे आधी पक्कं केलेलं असतं. अशोक सराफ यांचा धनंजय हजरजबाबी आहे आणि त्याच्याकडे पैसे नाहीत, हेही पक्कं असतं. मग औषधाची थाप येते, ती उघडी पडायची वेळ येते आणि त्यातून सुटण्यासाठी आणखी मोठी थाप येते. कुणी आवाज चढवत नाही. सगळं आधी लिहिलेलं आहे. अशोक सराफ यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्राच्या घराघरांत हेच प्रवेश पुन्हा पाहिले गेले.

त्याआधी सतरा वर्षं, १९७१ मध्ये, सबनीसांनीच दादा कोंडके यांच्यासाठी ‘सोंगाड्या’ लिहिला होता. तमाशाच्या फडावर भाळलेला भोळा नाम्या आणि पुण्यात खोली शोधणारे चार मित्र या दोन वेगळ्या दुनिया आहेत, आणि दोन्ही एकाच लेखणीनं हसवल्या. तेव्हा पोस्टरवर नटांचे चेहरे मोठे असत, तसे आजही असतात. पण चित्रपट उभा राहायचा लेखकाच्या टेबलावर. आज त्या टेबलाला किती दिवस मिळतात, हे आपल्यालाच ठाऊक. ‘लिट्ल मिस सनशाइन’चे लेखक मायकेल आर्न्ट यांनी पहिला खर्डा २००० मध्ये लिहिला. चित्रपट आला २००६ मध्ये. मधल्या काळात ती पटकथा पुन्हा पुन्हा लिहिली गेली आणि अखेर तिला सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. ‘दे धक्का’ची मूळ कल्पना जिथून आली, तिथून ही चिकाटीही घ्यायला हवी.

आणखी एक गोष्ट गावाकडच्या प्रेक्षकाबद्दल. त्याला फार काही कळत नाही, थोडं ओरडलं आणि थोडं पडलं-झडलं की तो हसतो, असा समज काही चित्रपटांतून दिसतो. हा समज खोटा आहे. अंकुशनगरहून वर गेलं की गोदावरीच्याच काठी पैठण आहे. तिथल्या एकनाथ महाराजांनी साडेचारशे वर्षांपूर्वी भारुडातून विंचू, भूत, वासुदेव, जोशी उभे केले आणि माणसाच्या मोहावर, ढोंगावर लोकांना हसवलं. आजही सप्ताहात भारूड असलं की बायाबापड्या रात्र जागवतात. हा प्रेक्षक भारूड ऐकून तयार झाला आहे. सोंगाच्या आत काही आहे का, हे त्याला चटकन कळतं. आणि आता त्याच्या खिशात मोबाइल आहे. ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमांतली प्रहसनं तो काट्यावर नंबर येईपर्यंत पाहतो, तेही फुकट. दहा मिनिटांचं प्रहसन त्याला रोज मिळतं. चित्रपटासाठी बायकापोरांना घेऊन जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठायचं, तिकीट, पेट्रोल, खाणं यावर मजुरीचे पैसे घालायचे, ते त्याच प्रहसनांची माळ पाहायला नव्हे. त्याला अडीच तास धरून ठेवील अशी गोष्ट हवी असते.

बोलीबद्दलही हेच. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याचं बोलणं मुख्य धारेच्या मराठी चित्रपटात मानानं आणलं, त्याबद्दल हा भाग त्यांचा ऋणी आहे. दुष्काळात नाना पाटेकर यांच्यासोबत २०१५ मध्ये ‘नाम’ संस्था उभी करून ते या मातीच्या मदतीला आले, हेही इथे कुणी विसरलेलं नाही. पण त्यांच्या यशानंतर अनेक चित्रपटांनी बोलीच विनोद म्हणून वापरायला सुरुवात केली. हेल काढून काहीही बोललं की हशा, असं समीकरण झालं. गावातला माणूस त्या हेलात आनंदानं बोलतो, भांडतो, पोरीच्या लग्नाची बोलणी करतो, मयतीला सांत्वन करतो. नुसत्या हेलावर त्याला हसू येत नाही, कारण तो हेल त्याच्या आईचा आहे. उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’त (२००८) एका मोकाट वळूभोवती सगळं गाव उभं राहिलं. तिथे बोली होती, पण हसू आलं ते पुढाऱ्यांच्या चढाओढीतून, वन खात्याच्या अधिकाऱ्याच्या फजितीतून आणि गावकऱ्यांनी एकमेकांवर ठेवलेल्या नजरेतून. ‘वळू’ आणि पहिला ‘दे धक्का’ एकाच वर्षाचे. गावावरचा विनोद तेव्हा जमत होता, म्हणजे आताही जमू शकतो.

आपण ‘वास्तव’ आणि ‘अस्तित्व’ केलेत, ‘काकस्पर्श’ केलात, ‘नटसम्राट’ पुन्हा लोकांपर्यंत नेलात. माणसाच्या आतलं दुःख पडद्यावर कसं आणायचं हे आपल्याला येतं. विनोदालाही तीच नजर लागते. म्हणून ही मागणी आपल्याकडे आणि आपल्यासोबत विनोदी चित्रपट करणाऱ्या सगळ्यांकडे आहे. जुन्या नावाचा पुढचा भाग काढायचा असेल तर त्या माणसांसमोर नवी, खरी अडचण उभी राहिल्याशिवाय काढू नका. लेखकाला वेळ द्या, त्याचा मोबदला वेळेवर द्या आणि पोस्टरवर त्याचं नाव नटांच्या बरोबरीनं छापा. परदेशातल्या चित्रीकरणाचा खर्च ठरवण्याआधी पटकथेच्या पुनर्लेखनाचा खर्च ठरवा.

आणि चित्रीकरणाआधी विनोद माणसांपुढे तपासून घ्या. मार्क्स बंधूंनी ‘अ नाइट अॅट दि ऑपेरा’ (१९३५) चित्रित करण्यापूर्वी त्यातले प्रवेश वेगवेगळ्या शहरांत रंगमंचावर करून पाहिले. कुठे हशा येतो, किती वेळ टिकतो, हे पाहून संवाद बदलले. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड’ही प्रयोगागणिक प्रेक्षकांसमोर घासूनपुसून निघालं. नाटकाला दुसऱ्या प्रयोगात दुरुस्ती करता येते, चित्रपटाला ती संधी नसते. त्यामुळे ती आधीच घ्यावी लागते, आणि वाचनासाठी मुंबईचा दिवाणखाना पुरेसा नाही.

आपल्या पुढच्या विनोदी चित्रपटाची पटकथा लिहून झाली की तिचं एक वाचन गाळपाच्या हंगामात अंकुशनगरला ठेवा. ड्रायव्हर, फिटर, तोडणीवाल्या बाया, शाळेचे शिक्षक, कॉलेजची पोरं, सगळे येतील. ते जिथे हसतील तिथे खूण करा. जिथे हसणार नाहीत तो प्रवेश पुन्हा लिहा, आणि मगच कॅमेरा लावा.



अंकुशनगर (ता. अंबड, जि. जालना) येथील प्रेक्षकांच्या वतीने